सवचं ऊन पाणी

माझं काम काय आहे हे घरी समजावून सांगायचा नाद मी फार पूर्वीच सोडला होता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एसटी जिथे वळून परत जाते तिथून पुढे चढावर आमची वाडी. तिथे सगळ्यांना एवढं पुरेसं होतं की पोरगी मुंबईला मशीनवर असते. शिवणाच्या मशीनवर की पिठाच्या, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेले नाही. लग्न न करता चाळिशी ओलांडलेल्या बाईला लोक बाकीचेच प्रश्न इतके विचारतात की कामापर्यंत पाळीच येत नाही.

खरं काम असं. काचेच्या बोटभर कुपीत एखादं द्रावक घ्यायचं. द्रावक म्हणजे ज्यात दुसरं काही विरघळतं असा पातळ पदार्थ. महाडला कॉलेजात होते तेव्हा कारखान्यांकडून वारा आला की वर्गात त्यांचा गोडसर वास यायचा, आमची ओळख तेव्हापासूनची. तर त्या कुपीतून वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा. झोत जाता जाता द्रावकाच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन उडवून लावतो आणि ज्या रेणूतून तो उडाला तिथे धन प्रभार उरतो. आमच्या धंद्यातली बहुतेक मंडळी त्या पळालेल्या इलेक्ट्रॉनच्या मागे असतात. तो बराच टिकतो, रंग दाखवतो, मोजायला बरा पडतो. मी मागे राहिलेल्या प्रभाराकडे बघते.

तो टिकत नाही. क्षण हा शब्दसुद्धा त्याच्यासाठी फार मोठा आहे. बऱ्याच द्रावकांत तो शेजारच्या रेणूला एक प्रोटॉन देऊन टाकतो आणि संपतो. पण असा प्रभार ओढून घेणारं काही त्या द्रावकात आधीच दाट विरघळवून ठेवलं असेल, तर त्यातले जे अगदी खेटून असतात ते त्याला संपायच्या आत धरतात. शिमग्याला पालखीपुढे नारळ फुटतो तेव्हा खोबरं लागून उभा असेल त्याच्या हाताला लागतं आणि मागून धावत येणाऱ्याच्या वाट्याला करवंटी येते, तसंच. किती जणांनी धरलं आणि किती लवकर धरलं, हा माझा गेल्या कितीतरी वर्षांचा प्रश्न आहे. आणि तो पहिला क्षण आमच्या उपकरणाला दिसतच नाही. सगळं होऊन गेल्यावर काय उरलं ते मोजायचं आणि त्यावरून आधी काय झालं असेल ते ठरवायचं. हे ऐकून एकदा एका नातेवाइकाने, "म्हणजे अंदाजपंचे?" असं विचारलं होतं. मी त्याच्याशी त्या लग्नात पुन्हा बोलले नाही.

बाबांना मात्र माझं काम कळायची वेळ आली, आणि ती अशी यायला नको होती.

बाबांचा आवाज म्हणजे वाडीचा फोन होता. मोबाइल आले तरी आमच्याकडे रेंज अजूनही कड्यावरच्या आंब्याखाली उभं राहिल्यावर लागते, त्यामुळे बाबांचं काम काही गेलं नव्हतं. ते खळ्याच्या टोकाला उभे राहून कुकारा द्यायचे आणि तो पलीकडच्या वाडीत स्वच्छ ऐकू जायचा. म्हैस सुटली, पाहुणे आले, कुणी गेलं, सगळं त्यांनीच सांगायचं. आई म्हणायची, घरात हळू बोलायला ह्या माणसाला कोणी शिकवलंच नाही. तो आवाज एका पावसाळ्यानंतर घोगरा झाला. सर्दी म्हणून काढे झाले, मध-हळद झाली, पोलादपूरच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. मग महाड, आणि मग मुंबई. मुंबईला मोठ्या इस्पितळात स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला.

तिथल्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. ऑपरेशन करून स्वरयंत्र काढायचं, म्हणजे आवाज जाणार. नाहीतर किरणोपचार, त्यात आवाज राहायची आशा होती. बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मशीनच लावा," ते म्हणाले. "मुका होऊन जगून काय करू?"

आई आणि बाबा माझ्या क्वार्टरवर राहायला आले. रोज सकाळी इस्पितळात जायचं, शनिवार-रविवार सुट्टी. पहिल्या दिवशी त्यांच्या तोंडावर जाळीचा पांढरा मुखवटा बसवला, डोकं हलू नये म्हणून. "शिमग्याचं सोंग," म्हणाले आणि हसले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुझी मशीन आन ही मशीन येकच काय गो?"

"चुलत बहिणी," मी म्हटलं.

मग मला सांगावंच लागलं. त्यांच्या घशात जाणारा झोत आणि माझ्या कुपीत जाणारा झोत फारसे वेगळे नाहीत. माझ्याकडे काचेत द्रावक आहे, तुमच्याकडे कातडीत पाणी आहे, झोताला दोन्ही सारखंच. बाबांनी ते नीट ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाकावर बसलेल्या प्रत्येक पेशंटला सांगायला लागले की अशीच एक मशीन माझी पोरगी चालवते. एका बाईने तर मला बाजूला घेऊन नंबर लवकर लावता येईल का असं विचारलं. मी जन्मात एवढी मोठी माणूस झाले नव्हते.

हळूहळू मान काळवंडली. तव्यावर करपलेल्या भाकरीसारखी, असं आईच म्हणाली. आत घास उतरेना, बाहेर कातडी हुळहुळायची, झोप लागेना. तो माणूस रात्रंदिवस ताठ बसून असायचा, टेकलं की उशी लागायची. पण आवाज मात्र होता. खरखरीत, पण पोटातून येणारा, त्यांचाच. नर्सने आईला अगदी शुद्ध मराठीत बजावून सांगितलं होतं, "मानेला काहीही लावायचं नाही. तेल नाही, हळद नाही, साबण नाही, कसलंही मलम नाही." आईने ते अक्षरशः पाळलं. मी चुकून क्रीमची बाटली तिथे ठेवली तर तिने ती उचलून फळीवर वर टाकली.

तेवढ्यात शिमगा आला. धुळवडीची सुट्टी आणि तिला लागून शनिवार-रविवार. बाबांनी हट्ट धरला. पालखी दारात येणार आणि घर बंद, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. डॉक्टरांनी, जाऊन या, जपून, एवढंच म्हटलं. मला नेमकी त्याच दिवसांत प्रयोगासाठी झोताची पाळी मिळाली होती. ती वर्षातून मोजकीच मिळते, तेव्हा मी मुंबईतच राहिले आणि ते दोघे गेले. आईने फोन करून सांगितलं की पालखी आली, बाबांनी हात लावला, नाचवायला दिली नाही म्हणून रुसले. हे ऐकून मला बरं वाटलं.

परत येताना दुपारची रेल्वेगाडी वीर स्टेशनाहून होती. महाडला पोचले तेव्हा वेळ होता. आणि आईने रिक्षावाल्याला वीरऐवजी आधी सवला घ्यायला सांगितलं.

आमच्याकडच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. सवला जमिनीतून ऊन पाण्याचे झरे येतात. खरूज, नायटा, घामोळं, भाजलेलं, कातडीचं काहीही असो, आमच्या दोन्ही तालुक्यांतली माणसं सवला जातात. आईला लहानपणी खरूज झाली होती तेव्हा तिच्या वडिलांनी खांद्यावर बसवून तिथे नेलं होतं आणि ती बरी झाली होती. नर्सने लावायचं नाही म्हटलं होतं, आणि आई काही लावणार नव्हती. पाणी हे काही औषध नव्हे. त्यातून हे तर देवाचं पाणी. मशीनची उष्णता अंगात भरली आहे ती जमिनीची उष्णता ओढून घेईल, असा तिचा हिशेब होता. तो तिने मला नंतर सांगितला तेव्हा क्षणभर मलाच तो पटण्यासारखा वाटला.

रात्री ते पोचले तेव्हा मी कामावरच होते, सोमवारी सकाळी इस्पितळात शर्टाची कॉलर उचलताना मी बघितलं. मानेची डावी बाजू सोललेली होती, ओली, लाल. तरुण डॉक्टर होता. त्याने जाळी बसवायचं थांबवलं, सवच्या पाण्याचं आमच्याकडून ऐकलं आणि बाहेर येऊन सगळ्या रांगेसमोर आईला विचारलं, "कोणी सांगितलं होतं तुम्हाला हे उद्योग करायला?"

"तुम्ही पाणी नाही असं म्हटलं नव्हतं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"हे सांगायला लागतं?" तो म्हणाला. मग जरा नरमला. जखम भरेपर्यंत उपचार थांबवावे लागतील म्हणाला. "आता मध्ये खंड पडला. तो पडायला नको होता."

आई पदराचं टोक हातात धरून उभी होती.

जखम भरली. राहिलेले उपचार पूर्ण झाले. पण त्या सोमवारपासूनच घशाला आतून सूज आली आणि आवाज बसला तो बसलाच. कुजबुजल्यासारखं बोलायचे. येईल परत, डॉक्टर म्हणाले, वेळ लागतो. बाबा गावी गेले, खळ्यावर बसायला लागले, म्हशीच्या पाठीवर थाप मारून तिला बोलवायला लागले. नंतर गाठ पुन्हा आली. या वेळी वाटा नव्हत्या. गणपती गेल्यावर, भाताला लोंब्या आल्या तेव्हा ते गेले. पलीकडच्या वाडीला सांगायला कुकारा द्यायला कुणी नव्हतं, दोन माणसं टॉर्च घेऊन उतरून गेली.

मी परत कामावर आले. लोकांना वाटलं मी फार लवकर सावरले. मी सावरले नव्हते, मला दुसरं काही येत नव्हतं. कुपी धुवायची, भरायची, झोत सोडायचा, उरलेलं मोजायचं. कधी कधी पडद्यावरची ती खाली खाली येणारी रेघ बघताना डोळे भरून यायचे आणि बाजूच्या खोलीतून कोणी आलं की मी द्रावकाच्या वाफेला बोल लावायची.

आईने मुंबईला यायला नकार दिला. म्हैस आहे, नाचणीचं रान आहे, इथे चार माणसं विचारतात, तुझ्याकडे लिफ्टसुद्धा बोलत नाय, असं म्हणाली. माघात शेजारच्या काकूंचा फोन आला. आंब्याखाली जाऊन केलेला, त्यामुळे ओरडून बोलत होत्या.

"तुझी आय गार पाण्यानं न्हाते गो! ह्या थंडीत! खोकून खोकून बरगड्या दुखतात तरी ऐकत नाय. तूच ये आन सांग तिला."

मी गेले. आमच्या वाडीवरची थंडी खाली पोलादपूरच्या माणसालाही कळत नाही. सकाळी गवतावर दव गोठायला आलेलं असतं. न्हाणीतल्या चुलीत बघितलं तर राख नव्हती. कोळ्यांनी जाळं विणलं होतं आणि हंडा उपडा घातला होता. आई बाहेर दगडावर बसून हौदातलं पाणी अंगावर घेत होती. पाठीच्या हाडांचा मणी न् मणी दिसत होता. मला भयंकर राग आला. मी लाकडं आणली, चूल पेटवली, हंडा भरून ठेवला आणि पाणी कढत होईपर्यंत तिथेच धुरात बसून राहिले.

"पाणी तापवलंय. चल," मी बाहेर येऊन म्हटलं.

ती पडवीत सूप घेऊन वरी पाखडत बसली होती. "झाली माझी."

"परत कर."

"ढोरं काय तापवून न्हातात? मरतात काय?"

"आये, छाती भरली तुझी. डॉक्टरकडे न्यायला लावशील मला."

"मग नको नेऊ," ती म्हणाली. खोकली. सूप खाली ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऊन पाणी अंगावर पडलं की मना त्यांची मान दिसते गो."

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, आये, ऐक. मी तेच काम करते, मला ठाऊक आहे. तिला समजेल असं सगळं सांगितलं. अंगात बहुतेक पाणीच असतं. झोत त्या पाण्यातून जातो, पाण्याच्या कणाचं काहीतरी उडवतो, मागे उरलेलं शेजारच्याला धरतं, तो त्याच्या शेजारच्याला. हे पापणी लवायच्या कितीतरी आत होऊन जातं. मग कातडीला दुखणं दिसायला आठवडे लागतात. तू सवला नेलंस तेव्हा जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं होतं. ती कातडी आधीच मेलेली होती, पाण्याने फक्त सुटी केली. तू केलं नाहीस ते. तुझ्या आधी ते झालं होतं.

हे सगळं खरं होतं. मी त्यातला एक शब्द सोयीने वापरला नव्हता. इतक्या वर्षांत माझ्या विषयाबद्दल मी कुणाला इतकं मन लावून सांगितलं नव्हतं, आणि सांगताना मला वाटलं की निदान यासाठी तरी हे शिकले ते बरं झालं.

आईने सगळं ऐकलं. सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

"मग मशीन कशाला थांबवली?" तिने विचारलं.

"जखम झाली म्हणून."

"जखम पाण्यानं झाली ना?"

"आठ-दहा दिवसांनी तशीही झाली असती. कदाचित."

"आन त्या खंडात गाठ वाढली?"

खंड हा त्या डॉक्टरचा शब्द, तिने तेव्हापासून तो जपून ठेवला होता. उपचारात खंड पडला की दुखण्याला सवड मिळते, हे मला ठाऊक होतं. बाबांच्या बाबतीत ते तसंच झालं की गाठ तशीही परत येणार होती, हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि आता कळण्यासारखंही नव्हतं. नाही म्हणणं सोपं होतं. पण आईसमोर बसून खोटं बोलायचं तर डोळ्यांत बघावं लागतं, आणि ती आता बघत होती.

"ठाऊक नाही, आये."

"तुझ्या मशीनला बी?"

"एका माणसाचं असं सांगता येत नाही. कोणालाच."

तिने मान हलवली. तिला हेच अपेक्षित होतं असं वाटलं. मग ती जे बोलली ते तिने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मी दोन तांबेच घालणार होते मानेवर. रिक्षा उभीच ठेवली होती. कुंडावर कोण नव्हतं. तर ते पायरीवर बसले, पाय सोडले, आन खाली सरकून मानेपर्यंत आत गेले. डोळे मिटले. किती दिसांनी त्या माणसाचं अंग असं सैल पडलेलं बघितलं मी. बरं वाटतंय गो, म्हणाले. मी म्हटलं, उठा आता, गाडी चुकेल. तर म्हणाले, अजून जरा बसू दे." ती थांबली. "सगळ्या संसारात ह्या माणसानं मागून काय घेतलं नाय माझ्याकडं. भाकरी बी ताटात पडेल ती. मी बसू दिलं."

मला तेवढंच ऐकू येत होतं की ते बोलले होते. सोमवारी मी त्यांना बघितलं तेव्हा घसा धरला होता. त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं शेवटचं बोलणं सवच्या पायरीवर झालं आणि ते ऐकायला मी नव्हते, आई होती.

"आवाज कसा होता?" मी विचारलं.

"चांगला होता," आई म्हणाली. "वर रिक्षावाल्याला ऐकू गेलं. तो म्हणाला, बसू दे बाबांना, मी थांबतो."

मग मी न राहवून विचारलं, "आये, पुढचं सगळं तेव्हा ठाऊक असतं, तर उठवलं असतंस त्यांना?"

खाली रानात कुणीतरी गुरं हाकत होतं, त्याचा आवाज येत होता.

"नाय," ती म्हणाली. "तेच तर गो. परत मागितलं असतं तर परत बसू दिलं असतं."

आणि तिने सूप उचललं. मी तिला पुन्हा अंघोळीला चल म्हटलं नाही. न्हाणीतलं पाणी निवत आलं होतं, त्याने शेवटी मीच अंघोळ केली. आई अजून गार पाण्यानेच न्हाते.